ऑनलाइन शिकवणी घ्यायची तर आधी मुलाची वही दिसायला हवी

ऑनलाइन शिकवणी सुरू करणाऱ्या मुली हमखास विचारतात, "ताई, पेन टॅबलेट कोणता घेऊ?" म्हणजे पेनाने लिहिलेलं थेट पडद्यावर दाखवणारी पाटी. टॅबलेट जरूर घ्या, पण त्याआधी मुलाच्या वहीवर कॅमेरा कसा लावायचा ते ठरवा. मी राज्य मंडळाच्या दहावीला गणित शिकवते. पडद्यावर सुबक लिहिणं थोड्या सरावाने जमतं. खरं कसब लागतं ते मूल नेमकं कुठे अडलंय हे लांबून ओळखायला.

वर्गात बाकांमधून फिरताना आपण वह्या बघतच असतो. कोण सारखं खोडतंय, कोण शेजारच्याचं उतरवून घेतंय, हे लगेच कळतं. ऑनलाइनमध्ये उरतं फक्त "समजलं का?" आणि "हो मॅडम". मुलं हे लबाडीने म्हणत नाहीत. आपण सोडवून दाखवलेलं गणित बघताना त्यांना खरोखरच सगळं समजल्यासारखं वाटतं.

वर्गसमीकरणाचं उदाहरण घ्या: २ एम वर्ग = ५ एम. माइकवरून उत्तर येतं, "एम बरोबर ५ छेद २." हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. वहीत बघितलं की दोन्ही बाजूंचा एकेक एम काट मारून उडवलेला दिसतो. अशा वेळी "चुकलं" म्हणून स्वतः सोडवून दाखवायची घाई करू नका. "एमच्या जागी शून्य घालून बघ बरं" एवढंच म्हणा. दोन्ही बाजू शून्य येतात आणि मूल चमकतं, "मॅडम, शून्यपण चालतंय!" मग हे शून्य मघाशी कुठे हरवलं ते त्यालाच शोधू द्या. एमने भागताना एम शून्य नाही असं आपण धरूनच चाललो होतो, हे त्याच्या तोंडून आलं की ५ एम डावीकडे आणून एम सामाईक काढायची पायरी पुन्हा शिकवावी लागत नाही.

यासाठी महागडं काही लागत नाही. पुस्तकांच्या चळतीवर फोन असा ठेवायचा की कॅमेरा पुढे येऊन खाली वहीकडे बघेल, आणि त्याच फोनवरून मीटिंगला यायचं. दुसरं उपकरण चालू असेल तर एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवायचे, नाहीतर आवाज घुमतो. कित्येक घरांत फोन एकच असतो, आणि तो वहीवर लावला तर मुलाला आपला पडदा दिसत नाही. तिथे दोन-तीन पायऱ्या झाल्या की वहीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. वेळ जातो, म्हणून गणितं कमी घ्या, पण हे सोडू नका. बीजगणित आणि भूमितीच्या प्रत्येकी ४० गुणांच्या पेपरात पायऱ्यांनाही गुण असतात.

प्रश्न विचारल्यावर थांबायलाही शिकावं लागतं. नेटमुळे आवाज उशिरा पोचतो, त्यात मूल विचार करत असतं. शांतता झाली की नवीन शिक्षक घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतात. मनात दहापर्यंत आकडे मोजा.

सेमीची मुलं असतील तर दोन्ही शब्द तोंडात हवेत: वर्गसमीकरण आणि क्वाड्रॅटिक इक्वेशन, विवेचक आणि डिस्क्रिमिनंट. भूमितीसाठी जिओजेब्रा हे आकृत्या काढून हलवून बघायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात वर्तुळाच्या कंसावरचा बिंदू सरकवला तरी अंतर्लिखित कोन तेवढाच राहतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. भौमितिक रचना मात्र कंपास घेऊन त्यांच्याच हातून झाल्या पाहिजेत.

बाकी तांत्रिक गोष्टी थोडक्यात. भारी कॅमेऱ्यापेक्षा चांगला माइक घ्या. वीज जाणारच, तेव्हा फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा. झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत बंद होते, पण या वयाला एका बैठकीत तेवढं पुरतं, असं मला वाटतं.

पालकांना तासानंतर दोन ओळी पाठवा, पण "छान प्रगती" असलं मोघम नको. "आज सामाईक अवयव काढताना अडली, उद्या त्याचीच चार गणितं घेते" असं लिहा. डेमोच्या दिवशी आई-बाबा शेजारी बसलेले असतात आणि आपल्याला भरभरून बोलावंसं वाटतं. तेव्हाही पेन मुलाच्याच हातात राहू द्या. एकच गणित घ्या, ते त्याला सोडवू द्या आणि कुठे अडलं ते पालकांना शेवटी वहीतच दाखवा.