घरी हायड्रॉलिक बाइक लिफ्ट वापरताना या चुका टाळा

लिफ्टमधलं तेल बाइक वर उचलायला असतं, वर धरून ठेवायला नाही. लिफ्ट विकत घेणाऱ्या बऱ्याच लोकांना हे कुणी सांगतच नाही. बाइक हवी तितकी वर गेली की पाना हातात घेतात आणि थेट खाली शिरतात. सगळा भार त्या वेळी सिलिंडरमधल्या एका रबरी सीलवर असतो. सील झिजलेलं असेल किंवा तेल सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असेल, तर दाब हळूहळू उतरतो आणि लिफ्ट कळणारही नाही अशी खाली येते. सील फाटलं तर एकदम येते. म्हणून बाइक वर गेली की आधी लॉक पिन, म्हणजे लिफ्टच्या सांगाड्यातल्या भोकात अडकणारी सळई, घालायची, मग व्हॉल्व्ह किंचित सोडून भार पिनवर टेकवायचा. पिन नुसती भोकात असून भागत नाही, वजन तिच्यावर यायला हवं. दोन मिनिटांचं काम आहे म्हणून पिन न लावणाऱ्याच्या शेजारी मी उभा राहत नाही.

दुसरी चूक, घट्ट नट वर उचलल्यावर सोडवणं. ओळखीच्या एका मुलाने मागचं चाक काढायला बाइक इंजिनाखालच्या जॅकवर घेतली. अॅक्सलचा, म्हणजे चाकामधून जाणाऱ्या दांड्याचा, नट गंजलेला होता. पान्याला लांब पाइप लावून त्याने अंगाचा भार टाकला. नट जागचा हलला नाही, पण बाइक जॅकच्या रबरावरून सरकली आणि उजव्या अंगावर पडली. ब्रेकचा लिव्हर तुटला, फूटरेस्ट वाकलं, टाकीला पोचा आला. पाय वेळेवर मागे घेतला म्हणून तो वाचला. अॅक्सल, चेनचं पुढचं स्प्रॉकेट (दातेरी चाक), जे जे जोर लावून सुटतं ते चाकं जमिनीवर असतानाच फक्त सैल करून ठेवा. शेवटचं आवळणंही खाली आणल्यावरच.

चाक निघालं की तोल बदलतो. मागचं काढलं तर बाइक पुढे झुकते, पुढचं काढलं तर मागे बसते. चाकाला हात लावण्याआधीच दोन्ही बाजूंनी पट्टे सारखे ताणून घ्या. पट्टा हँडलच्या ग्रिपला नाही, फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या, खालच्या क्लॅम्पला बांधा.

लिफ्ट विकत घेताना आपल्या बाइकच्या पोटाखाली वाकून बघा. खालून फ्रेमच्या नळ्या नसतील आणि जॅक थेट सायलेन्सरच्या पाइपवर किंवा ऑइल फिल्टरवर टेकणार असेल, तर तो जॅक तुमच्यासाठी नाही. चाकांसकट उचलणारा प्लॅटफॉर्म घ्या. क्षमता बघताना भरलेली टाकी आणि सामान धरा. मी बाइकच्या वजनाच्या दीडपटीखाली जात नाही.

तेल कमी झालं म्हणून ब्रेक ऑइल ओतू नका. ते ग्लायकोलचं असतं, जॅकची सीलं खनिज तेलासाठी बनवलेली असतात. ती फुगतात आणि लिफ्ट गळायला लागते. तेलाची पातळी सिलिंडर पूर्ण खाली असतानाच बघा.

लिफ्ट दचके देत चढतेय? आत हवा आहे. बाइक उतरवा, व्हॉल्व्ह उघडून पेडल 10-15 वेळा भरभर दाबा, मग बंद करा.

उतरवताना व्हॉल्व्ह पाव फेऱ्याहून जास्त सोडू नका. आधी खालची हत्यारं उचला, जॅक असेल तर साइड स्टँड उघडा आणि एक हात बाइकवर ठेवा. पट्टे बाइक पूर्ण खाली बसल्यावरच सोडायचे.