चिरोटे जमत असतील तर पश्तेल द नाता जमतीलच

पश्तेल द नाता म्हणजे ते पोर्तुगीज कस्टर्ड टार्ट, बाहेरून पापुद्रे सुटलेले, मधे पिवळंधमक कस्टर्ड आणि वर काळे काळे डाग. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं करपलेत, पण ते डाग मुद्दाम पाडलेले असतात, डाग नसेल तर चव अर्धीच. नाता म्हणजे पोर्तुगीजमधे साय किंवा क्रीम, आणि गंमत अशी की बऱ्याच रेसिपींमधे क्रीम घालतच नाहीत, साधं दूध असतं. एक असेल तर पश्तेल, जास्त असले की पश्तेइश. एकावर कोणीच थांबत नाही म्हणून दुसराच शब्द जास्त कामाचा.

हा पदार्थ लिस्बनच्या बेलेम भागातला, तिथल्या जेरोनिमुश मठातला. ज्या मठाच्या चर्चमधे वास्को द गामाचं थडगं आहे तोच मठ. मठात कपड्यांना खळ करायला अंड्याचं पांढरं वापरायचे आणि मग ढीगभर पिवळं उरायचं, त्यातून ही सगळी गोड मंडळी जन्माला आली असं सांगतात. १८३४ मधे पोर्तुगालमधले मठ सरकारने बंद केले आणि १८३७ पासून जवळच्याच एका दुकानात हे टार्ट विकायला लागले, ते दुकान अजून चालू आहे आणि रेसिपी अजून गुपित आहे. त्यामुळे आपण घरी करतो ते बेलेमचे नाहीत, नुसते नाता. चालतंय की.

मी पहिल्यांदा केले तेव्हा केकसारखे १८० डिग्रीवर चाळीस मिनिटं ठेवले होते. तळ कच्चा, लगदा झालेला, आणि कस्टर्ड खरवसासारखं जाळीदार. शहाणपणा केला की असं होतं. नंतर कळलं की यात खरी गोम दोनच, एक म्हणजे प्रचंड उष्णता आणि दुसरी म्हणजे पारी अंगठ्याने चढवायची. बाकी सगळं आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे, खरंच.

१२ टार्टसाठी सामान सांगते. पारीला मैदा २०० ग्रॅम, पाणी साधारण १२० मिली, चिमूटभर मीठ, अनसॉल्टेड बटर १५० ग्रॅम. खारं टेबल बटरच घरात असेल तर पिठातलं मीठ वगळा. कस्टर्डला दूध २५० मिली, मैदा २५ ग्रॅम म्हणजे तीन सपाट टेबलस्पून, साखर १८० ग्रॅम, पाणी ९० मिली, बोटभर दालचिनी, लिंबाच्या सालीच्या दोन पट्ट्या आणि ६ अंड्यांचं फक्त पिवळं. आपल्या कागदी लिंबाची साल पातळ असते, सोलताना पांढरा भाग आला की कडू लागतं, म्हणून हलक्या हाताने. साखर बघून घाबरू नका, कमी केली तर डाग नीट पडत नाहीत, मी करून बघितलंय.

आता पारी. मैदा, मीठ, पाणी एकत्र करून पोळीच्या कणकेपेक्षा सैल, थोडं चिकटच पीठ भिजवा आणि २० मिनिटं झाकून ठेवा. बटर मऊ हवं, वितळलेलं नको, साटा कसा फेटून हलका करतो तसं, त्याचे तीन भाग करा. ओट्यावर बऱ्यापैकी मैदा भुरभुरून चौकोन लाटा, साधारण ३० सेंटीमीटरचा, वरचा सुटा मैदा ब्रशने झटका, आणि चौकोनाच्या दोन तृतीयांश भागावर बटरचा पहिला भाग पसरवा. कोरा भाग त्यावर दुमडा, मग उरलेला त्याच्यावर, म्हणजे तीन पदर झाले. हे वळवून परत लाटा, परत बटर, परत दुमडा. तिसऱ्यांदा जरा लांबट लाटा, २५ बाय ४० वगैरे, उरलेलं सगळं बटर पूर्ण भर लावा आणि २५ सेंटीमीटरच्या बाजूने अळूवडीचा उंडा वळतो तसा घट्ट वळत न्या. मधे पोकळी राहायला नको. गुंडाळून फ्रीजमधे कमीत कमी दोन तास, रात्रभर राहिला तर सोन्याहून पिवळं.

एप्रिल मे मधे हा उद्योग दुपारी करू नका प्लीज, बटर हातात वितळतं, पिठात मुरतं आणि पदर सुटायच्या ऐवजी बिस्किट होतं. सकाळी सहाला करा नाहीतर एसी लावा, आणि पीठ लाटताना मऊ पडायला लागलं की लाज न बाळगता दहा मिनिटं फ्रीजमधे टाका.

आता चिरोट्यापेक्षा वेगळं काय ते इथे येतं. उंडा कापून दोन दोन सेंटीमीटरचे तुकडे करायचे, चिरोट्यासारखेच, आणि कापलेली बाजू वर येईल असा तुकडा साच्यात ठेवायचा, पण लाटणं लावायचं नाही. पाच मिनिटं जरा नरम होऊ द्या, मग अंगठे गार पाण्यात बुडवून मधोमध दाबा आणि तळापासून वर वर चढवत न्या, मोदकाची पारी करतो ना अगदी तसंच, फक्त साच्याला चिकटवत. तळ पातळ, इतका की साचा जवळजवळ दिसेल, आणि कड साच्याच्या काठाच्या किंचित वर. साचे खास मिळाले तर छान, वरून सात सेंटीमीटर रुंदीचे, नाही मिळाले तर मफिन ट्रे घ्या. ही पारी चढवून झाली की परत फ्रीजमधे. भाजल्यावर टार्ट उलटा करून बघितला तर तळाला चकली दिसते, ती दिसली की समजायचं आपलं बरोबर झालंय.

रेडिमेड पफ पेस्ट्री शीट चालते का, तर चालते, पण तीही आधी घट्ट वळून उंडा करून मगच कापा. सपाट शीट साच्यात घातली की पदर आडवे सुटतात, तळ फुगतो आणि कस्टर्ड बाहेर ढकललं जातं.

कस्टर्डचं एवढं काही नाही. थोड्या गार दुधात मैदा गुठळ्या न होता कालवा, उरलेलं दूध दालचिनी आणि लिंबाची साल घालून उकळा, कालवलेला मैदा त्यात ओता आणि दाट होईपर्यंत ढवळत राहा. दुसरीकडे साखर आणि पाण्याचा पाक करा, ढवळू नका, १०५ डिग्रीपर्यंत, थर्मामीटर नसेल तर जेमतेम एक तार यायला लागली की गॅस बंद. हा गरम पाक बारीक धारेने दुधात सोडायचा, एका हाताने फेटत. अंड्याचा तो हिवस वास दालचिनी आणि लिंबाने मारला जातो म्हणून ते विसरू नका. मिश्रण कोमट झालं, म्हणजे बोट आरामात बुडवता आलं, की मगच पिवळं घाला, घाई केली तर भुर्जी. मग गाळून घ्या. हे ताकाइतकंच पातळ दिसतं, मला पहिल्यांदा वाटलं फसलं, नाही फसत, ओव्हनमधे आवळतं.

खरी लढाई भाजण्याची. तिकडच्या बेकऱ्यांचे ओव्हन ३०० च्या वर जातात, आपला घरचा ओटीजी २३० नाहीतर फार तर २५०. म्हणून जुगाड असा की खालच्या रॅकवर लोखंडी तवा किंवा जाड ट्रे ठेवायचा आणि दोन्ही रॉड लावून फुल तापमानावर किमान अर्धा तास ओव्हन तापवायचा. पारी फ्रीजमधून काढल्या काढल्या कस्टर्ड पाऊण भरा, काठोकाठ नको, उतू गेलं तर साखर साच्याला चिकटते आणि टार्ट सुटता सुटत नाही. मग साचे त्या तापलेल्या तव्यावरच ठेवा, दार पटकन बंद. खालून असा चटका बसला की तळ कच्चा राहत नाही. १५ ते १८ मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा, कड बदामी झाली आणि कस्टर्ड फुगून बुडबुडे यायला लागले की झालं. डाग पडले नसतील तर शेवटची दोन तीन मिनिटं वरच्या रॅकवर, फक्त वरचा रॉड, आणि तिथून हलू नका, एक फोन घेतला की कोळसा. बाहेर काढल्यावर कस्टर्ड खाली बसतं, ते तसंच असतं.

मकाऊचे, म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरच्या जुन्या पोर्तुगीज वसाहतीतले, एग टार्ट वेगळे हां. तिथे १९८९ मधे अँड्र्यू स्टो नावाच्या इंग्रज माणसाने कोलोआनमधे बेकरी काढून पोर्तुगीज नाताला इंग्लिश कस्टर्डचं वळण दिलं, ते जास्त अंडाळ आणि मऊ. मला लिस्बनवालेच आवडतात, दालचिनीमुळे असेल.

दहा मिनिटं थांबा, जीभ भाजते, आणि मग कोमट असतानाच वरून दालचिनी पूड आणि पिठीसाखर भुरभुरून कडक कॉफीबरोबर. त्याच दिवशी संपवा, फ्रीजमधे ठेवलं की पापुद्रा मेला. उरलेच तर दुसऱ्या दिवशी २०० डिग्रीवर पाच मिनिटं, मायक्रोवेव्हमधे अजिबात नको. बिनअंड्याचं कस्टर्ड पावडर घालून करतात लोक, छान लागतं, फक्त त्याला नाता म्हणू नका. उरलेल्या सहा पांढऱ्यांचं ऑम्लेट होतं, नाहीतर तमिळनाडूतल्या तुतिकोरीनसारखे काजूचे मॅकरून, ते पांढऱ्याचेच असतात.

आणि सगळे एकदम भाजायची सक्ती नाही. पारी चढवलेले साचे झाकून फ्रीजरमधे महिनाभर राहतात, कस्टर्ड फ्रीजमधे दोन दिवस, त्यामुळे पाहुणे येणार असतील तर मी सहाच भाजते आणि बाकीचे सहा आहेत हे कोणाला सांगत नाही.