घोडबंदरच्या ट्रॅफिकला पुरेल असा अल्टरनेटर कसा निवडावा

गाडीत मोठी म्युझिक सिस्टिम बसवली की तिची परीक्षा नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर होत नाही, ठाण्याच्या घोडबंदर रोडला होते. पाम बीचवर इंजिन पळतं, त्यामुळे अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर फिरून वीज तयार करणारं यंत्र, जुने मेकॅनिक अजून डायनॅमोच म्हणतात) हवा तेवढा करंट देतो. घोडबंदरवर गायमुखच्या चढाला गाडी मुंगीच्या चालीने सरकतेय, एसी आणि वायपर चालू आहेत, अशा वेळी बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिचमिचतात. म्हणून अल्टरनेटर घ्यायचा तो आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, किती करंट देतो ते बघून.

आधी मल्टिमीटर लावा. इंजिन आयडलिंगला ठेवून एसी, हेडलाइट आणि गाणी चालू करा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. साध्या अल्टरनेटरच्या गाडीत साडेतेरा व्होल्टच्या वर असेल तर खर्च करूच नका. १३ च्या खाली जात असेल तर बॅटरी रिकामी होतेय.

मग हिशेब. अँप्लिफायर १००० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत देऊ शकेल अशा ताकदीचा) समजू. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला 'मॅक्स' आकडा सोडून द्या. क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) अँप्लिफायर साधारण ८० टक्के कार्यक्षम, म्हणजे तो १२५० वॅट ओढणार. भागिले १३.८ व्होल्ट, झाले ९० अँपिअर. पण गाण्यात ठोका सतत नसतो, सरासरी एक तृतीयांश धरली तर ३०. गाडीचा स्वतःचा खर्च ४० धरू. डीसी क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) असेल तर मोजूनच घ्या. एकूण ७० अँपिअर, तेही आयडलिंगला हवेत.

छोट्या हॅचबॅकचा मूळ अल्टरनेटर बहुधा ६५ ते ९० अँपिअरचा असतो. मग अडलं कुठे? लेबलवरचा आकडा अल्टरनेटर मिनिटाला ६००० फेऱ्यांवर फिरतानाचा असतो. आयडलिंगला तो जेमतेम २०००-२४०० फेऱ्या घेतो आणि अनेकदा निम्माच करंट देतो. म्हणून दुकानदाराला आयडलिंगचा आकडा विचारा, शक्यतो टेस्टचा कागद मागा. '२०० अँपिअर' लिहिलेला पण आयडलिंगला ५० देणारा नग आपल्या कामाचा नाही. अल्टरनेटरला लहान पुली (पट्ट्याचं चाक) लावून आयडलिंगला फेऱ्या वाढवता येतात, पण मग हायवेवर तो प्रमाणाबाहेर फिरतो.

कपॅसिटर किंवा दुसरी बॅटरी वीज तयार करत नाही, ती नंतर अल्टरनेटरकडूनच वसूल करते.

माउंटिंगची भोकं, पुलीच्या खाचा आणि कनेक्टर जुळवून घ्या. नव्या गाड्यांत चार्जिंग ईसीयूच्या (गाडीच्या कॉम्प्युटरच्या) ताब्यात असतं. तिथे आणि माइल्ड हायब्रिडमध्ये (जिथे इंजिनला छोट्या मोटरची मदत असते) स्थानिक जुगाड नको. कुर्ल्याहून आणलेला जुना, रिवाइंड केलेला (आतली तार नव्याने गुंडाळलेला) नग स्वस्त पडतो, पण मी तरी घेणार नाही. वॉरंटी चालू असेल तर आधी तिच्या अटी वाचा.

वायरिंगमध्ये मात्र कंजुषी करू नका. अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी, इंजिन ते बॉडी, या तिन्ही केबल जाड आणि अस्सल तांब्याच्या हव्यात. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर दिसायला सारखीच असते. अँप्लिफायरच्या केबलचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, नाहीतर शॉर्ट झाल्यावर आग लागू शकते.

बसवून झाल्यावर तीच मीटरची चाचणी पुन्हा करा, पण वीस मिनिटं आयडलिंग झाल्यावर. तापला की करंट घटतो. थंड इंजिनवरचा आकडा पाहून पैसे चुकते करू नका.