बाल्डर्स गेट ३: क्लास निवडण्याआधीची तयारी

बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेममध्ये सुरुवातीलाच पात्राचा क्लास, म्हणजे त्याचा पेशा, निवडावा लागतो. आधी पार्टी, म्हणजे सोबत लढणारी टोळी, डोळ्यासमोर आणा. फायटर, विझार्ड, क्लेरिक, रोग, वॉरलॉक आणि बार्बेरियन, बारांपैकी सहा क्लास पहिल्याच अंकात सोबत्यांच्या रूपाने आयते मिळतात. त्यातलाच एखादा आवडत असेल तर बिनधास्त घ्या, पण पार्टी चौघांचीच आहे, कोणीतरी कॅम्पवर बसणार. समोरच्याशी बोलायची वेळ बहुतेकदा तुमच्याच पात्रावर येते, म्हणून करिष्मावर (छाप पाडण्याच्या गुणावर) चालणारा बार्ड, सॉर्सरर, पॅलाडिन किंवा वॉरलॉक सोयीचा पडतो. तलवार की धनुष्य, ते तुमचं तुम्ही बघा.

आता सेव्हिंग थ्रो, म्हणजे संकटातून वाचायला टाकायचा वीस बाजूंचा फासा. हा भाग घाईत वाचू नका. पहिल्या लेव्हलला घेतलेल्या क्लासच्याच दोन सेव्हिंग थ्रोंत प्रोफिशियन्सी (फाशात मिळवायचा जादा बोनस) मिळते. पुढे मल्टिक्लास केलंत, म्हणजे दुसरा क्लास जोडलात, तरी नव्या क्लासच्या मिळत नाहीत. मिळत नाहीत! कॉन्स्टिट्यूशनची (शरीराच्या दमाची) प्रोफिशियन्सी देणारे क्लास तीनच: फायटर, बार्बेरियन, सॉर्सरर.

एवढा आग्रह कॉन्सन्ट्रेशनसाठी, म्हणजे टाकलेला मंत्र चालू ठेवणाऱ्या एकाग्रतेसाठी. ब्लेस, हेस्ट असे कामाचे स्पेल त्यावरच टिकतात, आणि प्रत्येक फटक्याला कॉन्स्टिट्यूशनचा थ्रो टाकावा लागतो. टिकायला फासा आणि बोनस मिळून लागतात १० किंवा झालेल्या नुकसानाच्या निम्मे, जे जास्त असेल ते. पाचव्या लेव्हलचा विझार्ड धरा, कॉन्स्टिट्यूशन १४, म्हणजे +२. साध्या बाणातून स्पेल टिकण्याची शक्यता ६५ टक्के. प्रोफिशियन्सी असती तर +५, म्हणजे ८० टक्के. फरक किरकोळ वाटतो ना? एका फेरीत असे चार बाण लागू द्या: स्पेल टिकण्याची शक्यता प्रोफिशियन्सी नसताना १८ टक्के, असताना ४१. आणि विझार्ड सोबती गेलने फायटर सोबती लेझेलवर वेग वाढवणारा हेस्ट टाकलेला असताना कॉन्सन्ट्रेशन तुटलं की ती शत्रूंच्या गराड्यात सुस्त होऊन उभी राहते. ना हलता येत, ना वार करता येत.

म्हणून विझार्डच हवा असेल तर पहिली लेव्हल फायटरची घेण्याचा विचार जरूर करा. जड चिलखतही मिळतं, आणि तेही फक्त फायटरने सुरुवात केली तरच. नंतर फायटर जोडून मिळत नाही. आगीचा स्पेल फायरबॉल पाचव्याऐवजी सहाव्या लेव्हलला येईल, चालवून घ्या. हे नको असेल तर चौथ्या लेव्हलला रेझिलियंट किंवा वॉर कास्टर फीट (ठरावीक लेव्हलला निवडायचं खास कौशल्य) घ्यायचं आधीच ठरवून ठेवा. पण सेव्हिंग थ्रो बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कॉन्स्टिट्यूशन, करिष्मा अशांना गुण वाटताना विषम आकडे टाळा, १५ आणि १४ दोन्हींना +२ च मिळतो. पुढे फीटने सम करणार असाल तरच विषम ठेवा.

वंश विचार करून घ्या, तो नंतर बदलत नाही. क्लास बदलतो: विदर्स नावाचा गेममधला एक जण १०० सोन्याची नाणी घेऊन बदलून देतो, आणि तो तळघरात सापडला नाही तरी पुढे कॅम्पवर येतोच. नाव, चेहरा, केस काहीही ठेवा. कन्फर्म दाबण्याआधी सेव्हिंग थ्रो परत बघा.