नेदरलँड्समध्ये रेडिओ खगोलशास्त्रात पीएचडी करताय? या चुका टाळा

पहिली चूक घरूनच होते. तिथली पीएचडी म्हणजे पुढचं शिक्षण, असं समजून आपण अर्ज करतो. प्रत्यक्षात ती बहुतेकदा चार वर्षांची पगारी नोकरी असते. निवडणारे पाहतात ते एवढंच, की हा माणूस आपल्यासोबत चार वर्षं काम करू शकेल का. म्हणून दहावीपासूनचे टक्के मांडत बसू नका. एमएस्सीच्या प्रकल्पात काय अडलं आणि तुम्ही ते कसं सोडवलं, ते लिहा. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा स्वतः हाताळला असेल, तर ते पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. लोफार या तिथल्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणाऱ्यांना त्याचं मोल कळतं, कारण कमी वारंवारतेवर आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, दोन्ही दुर्बिणींना सारखाच छळतो.

जन्मदाखला आताच काढून पाहा. तिथल्या नगरपालिकेत नोंदणी करताना तो लागतो. अनेकांच्या जुन्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं. इंग्रजी प्रत, पूर्ण नाव आणि अपॉस्टिल (दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), हे सगळं निघण्याआधी उरकून घ्या. घर शोधायलाही तेव्हापासूनच लागा, घरांची टंचाई खरोखर मोठी आहे.

आता मला सर्वांत तळमळीने सांगायची गोष्ट: सेल्फ-कॅलिब्रेशन, म्हणजे डेटातल्या चुका त्याच डेटाच्या मदतीने सुधारणं. डेटातून प्रतिमा बनवायची, त्याच प्रतिमेवरून डेटा सुधारायचा, पुन्हा प्रतिमा बनवायची. प्रत्येक फेरीत चित्र सुंदर होत जातं आणि आपण फसतो. पहिल्या प्रतिमेतली खोटी वर्तुळाकार रेघ चुकून मॉडेलमध्ये (आकाश कसं आहे याच्या आपल्या अंदाजात) गेली, तर पुढच्या फेऱ्या तिलाच घट्ट धरून ठेवतात. सिग्नल कमी असताना फार छोट्या कालावधीची सोल्यूशन्स (त्या-त्या कालावधीसाठीच्या दुरुस्त्या) काढली, तर गोंगाटच जुळवला जातो आणि मंद पण खरे स्रोत आणखी मंद होतात. माझे तीन आठवडे असेच गेले. चित्र देखणं होतं, फक्त त्यातल्या मंद आकाशगंगांचा फ्लक्स, म्हणजे मोजलेलं तेज, गळाला होता.

यावर उपाय असा: सुरुवातीला मॉडेलमध्ये फक्त तेजस्वी, खात्रीचे स्रोत ठेवा. आधी फक्त फेज (लहरी पुढे-मागे सरकणं) सुधारा. अँप्लिट्यूडला (लहरींच्या उंचीला) शेवटी हात लावा, तोही लांब कालावधी घेऊन. प्रत्येक फेरीनंतर मंद स्रोतांचा फ्लक्स मांडून पाहा. तो सतत घटत असेल तर थांबा आणि मागच्या फेरीवर परत जा. मग जीएमआरटीच्या टीजीएसएस सर्वेक्षणाशी ताडून बघा. ते 150 मेगाहर्ट्झच्या आसपासचं आहे आणि लोफारचं मोठं सर्वेक्षण 144 चं, त्यामुळे तुलना सरळ होते. मात्र टीजीएसएसचं विभेदन (किती बारीक तपशील वेगळा दिसतो ते) 25 आर्कसेकंद आणि लोफारचं 6, म्हणून स्रोताच्या सर्वांत तेजस्वी बिंदूचं शिखरमूल्य न घेता एकूण फ्लक्स घ्या.

आणि अडलात की लगेच सांगा. तिथे मार्गदर्शकाला नावाने हाक मारतात, आणि बैठकीत तुम्ही ‘हो’ म्हणालात की तो ‘हो’ खराच धरला जातो. मी तीन आठवड्यांनी दाखवलेला आलेख पाहून मार्गदर्शकांनी दहा मिनिटांत विचारलं, “सोल्यूशनचा कालावधी किती ठेवलास?”