आयर्लंडमध्ये भत्त्यावर शिकताय? बजेटमध्ये दराच्या पलीकडे पाहा

ऑक्टोबरमध्ये आयर्लंडचं बजेट आलं की ओळखीतले सगळे एकच विचारतात, आठवड्याचे किती वाढले? नोकरी शोधणाऱ्याला तेवढं पुरतं. पण नोकरी गेल्यावर बॅक टू एज्युकेशन अलाउन्स, म्हणजे बीटीईए, घेऊन पुन्हा कॉलेजात जाणाऱ्यांनी त्या आकड्यापाशी थांबू नये. मी याच भत्त्यावर शिकले. आपलं गणित दराने थोडं हलतं आणि अटींनी खूप, हे माझं त्यातून झालेलं ठाम मत आहे.

तरी आधी दर पाहू. बीटीईएची रक्कम साधारणपणे तुमच्या आधीच्या भत्त्याइतकीच असते, त्यामुळे तो वाढला की हीही वाढते. बेरोजगार भत्त्याचा, म्हणजे जॉबसीकर्सचा, आठवड्याचा कमाल दर २०२३ मध्ये २२० युरो होता, २०२४ मध्ये २३२, २०२५ मध्ये २४४ आणि २०२६ मध्ये २५४. घोषणा ऑक्टोबरमध्ये होते, पण वाढ हातात पडते जानेवारीपासून. कोर्स सप्टेंबरमध्ये सुरू होतो, म्हणजे पहिलं सत्र जुन्याच पैशांत काढायचं. आणि दर नेहमी वरच जातात असंही नाही. २००९ मध्ये २०४.३० युरो होते, मंदीच्या बजेटांनी ते २०११ पर्यंत १८८ वर आणले. जुना आकडा ओलांडायला २०२२ उजाडलं.

खरा फरक पडतो तो दराच्या आजूबाजूला. पुस्तकं आणि साहित्यासाठी वर्षाला ५०० युरोंचा कॉस्ट ऑफ एज्युकेशन अलाउन्स मिळायचा. २०१२ च्या बजेटने तो ३०० वर आणला, पुढच्या बजेटने बंदच केला. २०१७ च्या सप्टेंबरपासून तो ५०० युरो होऊन परत आला, पण फक्त मुलं असलेल्यांसाठी. २०१० मध्ये त्याहून मोठा बदल झाला. तोपर्यंत बीटीईएबरोबर निर्वाहाचं अनुदानही घेता येई, ते नव्याने येणाऱ्यांसाठी थांबलं. आधीपासून शिकत असलेल्यांचं त्या कोर्सपुरतं चालू राहिलं. म्हणून बजेटच्या कागदात ‘नवे अर्जदार’ हे शब्द दिसले की तिथे थांबून वाचा. आजही नियम तोच आहे. सुसी ही अनुदान देणारी संस्था बीटीईएवाल्यांना फीसाठी मदत देऊ शकते, निर्वाहासाठी नाही.

आता फी. कॉलेजचं स्टुडंट कॉन्ट्रिब्युशन ३,००० युरो होतं, पण महागाईमुळे काही वर्षं तात्पुरती १,००० ची सूट मिळाली आणि प्रत्यक्षात २,००० भरावे लागले. २०२६ च्या बजेटने ते कायमचं ५०० ने कमी केलं, म्हणजे २,५००. ‘कायमची कपात’ हे ऐकायला छान आहे, पण आदल्या वर्षीपेक्षा खिशातून ५०० युरो जास्त गेले. सुसीकडून फी मिळणाऱ्याला याची झळ नाही. ज्यांच्या घरात जोडीदाराचा पगार चांगला असल्याने सुसी नकार देते, त्यांना मात्र ती थेट लागते, आणि आपल्याकडची बरीच घरं या दुसऱ्या गटात बसतात.

याच घरांसाठी एक अट फार महत्त्वाची आहे. पदवीच्या कोर्ससाठी बीटीईए हवा असेल तर आधी २३४ दिवस भत्त्यावर असावं लागतं. आठवड्याचे सहा दिवस मोजतात, म्हणजे नऊ महिने. शालेय स्तरावरच्या कोर्सला ७८ दिवस पुरतात. जॉबसीकर्स बेनिफिट तुमच्या पीआरएसआय, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक विम्याच्या, वर्गणीवर मिळतो, त्यात जोडीदाराचा पगार पाहत नाहीत. पण २०१३ च्या बजेटने त्याची मुदत घटवली. २६० वर्गण्या, म्हणजे पाच वर्षांची नोकरी झाली असेल तर नऊ महिने, नसेल तर सहा. मार्च २०२५ च्या अखेरीस आलेल्या, पगाराशी जोडलेल्या नव्या लाभातही पाच वर्षं पूर्ण नसतील तर सहाच महिने. सहा आणि नऊ यांतली दरी जॉबसीकर्स अलाउन्सने भरायची, आणि तिथे जोडीदाराचं उत्पन्न मोजलं जातं, शिवाय देशात स्थायिक असल्याचंही दाखवावं लागतं. २०१३ च्या त्या बजेटच्या दिवशी बीटीईएबद्दल कोणी चकार शब्द काढला नसेल, तरी नव्याने आलेल्या कुटुंबांची वाट त्याने अरुंद केली. मला हे अन्यायाचं वाटतं. वैधानिक रिडंडन्सी, म्हणजे जागाच रद्द झाल्यावर कायद्याने मिळणारी भरपाई, मिळालेल्यांना थांबण्याची अट नसते, हा त्यातला दिलासा. त्यामुळे कंपनीने काढताना दिलेली कागदपत्रं जपून ठेवा.

व्हिसाचंही पाहा. स्टॅम्प २ वर, म्हणजे विद्यार्थी परवान्यावर, शिकायला आलेल्यांसाठी ही योजना नाही. आणि कोर्स तुमच्या सध्याच्या पात्रतेच्या वरच्या पातळीचा हवा. भारतातली पदवी इथे कोणत्या पातळीची धरतात ते आधी तपासून घ्या, कारण एमएस्सी झालेल्या माणसाला नुसत्या पदवीसाठी सहसा नकार मिळतो.

शिकताना अर्धवेळ काम केलं तरी बीटीईए कापला जात नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र बेरोजगार भत्त्यावरून आलेल्यांना तो मिळत नाही. तेव्हा परत जॉबसीकर्ससाठी अर्ज करायचा किंवा काम शोधायचं. हे मे महिन्यातच इन्ट्रिओच्या, म्हणजे सरकारी रोजगार केंद्राच्या, केस ऑफिसरशी बोलून ठरवा. बीटीईएची मंजुरीही त्यांच्यामार्फत, कोर्स सुरू होण्याआधी, लेखी घ्या. नव्या वर्षाचे दर एसडब्ल्यू १९ या पुस्तिकेत छापलेले असतात.