टोमॅटोचं बूड काळं पडतंय? आधी पाणी बघा

होळी झाली की गच्चीवरच्या टोमॅटोचं रडगाणं सुरू होतं. झाड हिरवंगार, फळंही धरलेली, पण फळ उलटं करून बघावं तर बुडाशी काळा, खोलगट, चामड्यासारखा डाग. मग कोणी बुरशीनाशक आणतं, कोणी अंड्याची टरफलं कुस्करून कुंडीत पुरतं.

हा मुळात बुरशीचा रोगच नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून तो भाग मरतो, आणि कॅल्शियम वर चढतं ते पाण्याबरोबर. दोन दिवस कुंडी कोरडी आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी, असा कारभार असला की मातीत कॅल्शियम असूनही फळ उपाशी राहतं. पिकत आलेली फळं तडकतात तीही यामुळेच. टरफलं कुजेपर्यंत तर हंगाम संपलेला असतो! डागाळलेली फळं तोडा, युरियाचा हात आखडता घ्या आणि पाणी सुरळीत करा.

सुरळीत म्हणजे रोज मोजून दोन तांबे नव्हे. शेतात वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी बेताची ओल, बघतात, तसाच कुंडीतही बघायचा. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर थांबा, कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून पाणी झिरपेपर्यंत सावकाश द्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वरून सुकं दिसतं आणि आत चिंब असतं, तिथे डोळ्यांवर जाऊ नका. विदर्भ-मराठवाड्यातल्या तापलेल्या गच्चीवर मे महिन्यात 12 इंची कुंडीला सकाळ-संध्याकाळ पाणी लागू शकतं. अंगणातल्या काळ्या मातीच्या वाफ्याला मात्र दोन-तीन दिवसांआड पोटभर दिलेलं पुरतं. तिथे रोज नुसता शिडकावा केला तर मुळं खाली उतरतच नाहीत.

दुपारी झाडाने माना टाकल्या म्हणून धावू नका. संध्याकाळी ते पुन्हा ताठ झालं तर तो फक्त उन्हाचा ताण होता. सकाळीही मलूल दिसलं तर माती चाचपा. कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असूनही झाड सुकत असेल तर मुळं कुजल्याची किंवा मर (झाड सुकवणारा रोग) लागल्याची शंका घ्या, पाणी वाढवू नका.

पाणी सकाळी, बुडाशी. पानांवर फवारा नको, मातीचे शिंतोडे उडून करपा, म्हणजे पानांवर डाग पाडणारा बुरशीचा रोग, खालच्या पानांवर चढतो. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं कढत पाणी बाजूला सोडा. वर दोन-तीन इंच पाचट किंवा पालापाचोळा अंथरा, फक्त खोडाला टेकवू नका.

आणि चाळीस अंशांच्या उन्हात फुलं गळत असतील तर झारी खाली ठेवा. तिथे दुपारची सावली हवी.